मिलिटरी गाडीचं लोखंड टिकतं, रबर टिकत नाही

प्रति,
मा. संपादक,

विषय : लष्करातून बाद झालेल्या जुन्या गाड्या घेणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी

महोदय,

पंधरा ऑगस्ट जवळ आला की सांगली-मिरज रस्त्यावर, कराडात आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एखादी जोंगा, जुनी जीप, क्वचित शक्तिमान ट्रक बाहेर निघतो. रंग ताजा, टायर काळेकुळकुळीत, बॉनेटवर हार. आणि मिरवणूक संपायच्या आत त्यातली एक तरी गाडी बॉनेट उघडून कडेला लागलेली असते. मालकानं खर्च केलेला नसतो असं नाही. पण तो आधी रंगावर, मग टायरवर, मग सीटवर आणि हॉर्नवर होतो. ब्रेकची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. या गाड्यांचं लोखंड चाळीस वर्षं सहज काढतं. मरतं ते रबर, आणि हरवतो तो कागद. पैसा आणि वेळ आधी या दोघांवर घालावा, म्हणून हे पत्र.

आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत फौजेत जाऊन आलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. त्यामुळे या गाड्यांवर जीव असणं साहजिक आहे. सापडतात त्या मुख्यतः चार जातींच्या. शक्तिमान, म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपुरात १९५९ पासून १९९६ पर्यंत बनलेला ट्रक. निस्सानचा वन-टन ट्रक. त्याच निस्सानच्या सहा सिलेंडरच्या, ३,९५६ सीसी पेट्रोल इंजिनाची जोंगा. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं आणि ती १९६९ ते १९९९ बनली. चौथी महिंद्राची जीप. शक्तिमान आणि निस्सानचे आटे मिलिमीटरचे, जुन्या जीपचे इंचाचे. हे आधी सांगायचं कारण असं की तेराचा पान्हा अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो. फरक जेमतेम तीन दशांश मिलिमीटरचा. गंजलेल्या नटावर जोर दिला की तेवढ्यात कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हेही विसरू नये. चार फुटी पाइप लावून डाव्या चाकाचा नट ‘सैल’ करणारा पंक्चरवाला प्रत्यक्षात तो आवळत असतो, आणि शेवटी स्टड तुटतो.

आता कागद. ही गाडी लष्कराच्या ताब्यात असते तेव्हा तिची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराकडेच असते आणि नंबर वर टोक केलेल्या बाणानं सुरू होतो. आरटीओच्या दप्तरी ती कधीच नसते. म्हणून लिलावानंतर मिळणारं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र हाच तिचा जन्मदाखला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४७ व्या नियमात माजी लष्करी वाहनासाठी ते स्पष्ट मागितलं आहे. झेरॉक्स चालत नाही, ‘नंतर देतो’ही चालत नाही. लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन दालनातून, जसा आहे जिथे आहे या अटीवर होतात. बहुधा लॉटच्या लॉट व्यापारी उचलतात, आणि आपल्याकडे गाडी येते ती दुसऱ्या-तिसऱ्या हातानं. प्रत्येक हातात एक कागद गळतो. सौदा करण्याआधी विक्री प्रमाणपत्र हातात घेऊन गाडीखाली शिरा आणि चेसिसवर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंजिन नंबर वेगळा बघा. फौजेच्या वर्कशॉपात इंजिनची अदलाबदल हे नेहमीचं काम, त्यामुळे कागदावर एक आणि ब्लॉकवर दुसरा नंबर निघणं नवलाचं नाही. हा घोळ विकणाऱ्याकडूनच सोडवून घ्यायचा असतो. पैसे दिल्यावर तो आपला होतो.

आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे वाढत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडायची आहेत. लष्कराच्या चिलखती आणि विशेष कामाच्या गाड्यांना त्यातून वगळलं आहे, पण साध्या गाड्यांच्या लॉटवर ‘फक्त भंगार केंद्रांसाठी’ अशी अट असेल तर ती गाडी कुणीही कितीही स्वस्त देऊ दे, रस्त्यावर यायची नाही. सुटे भाग म्हणून घ्यायची तर तसं ठरवून घ्या. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम आला आहे: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई. तो दुचाकीला आणि प्रवासी चारचाकीला आहे. ट्रकवाल्यांनी त्यावर विसंबू नये.

रंगाबद्दल लिहिलं की लोक रागावतात, तरी लिहितो. नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याची सोडून कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. गाडी कधीकाळी फौजेची होती हे कारण चालत नाही. आता ती तुमची आहे. बाणाचा जुना नंबर, ‘आर्मी’ असं लिहिलेली पाटी, बंपरवरच्या तुकडीच्या खुणा हे सगळं नोंदणीआधी निघालं पाहिजे. करडा, वाळूचा किंवा गडद निळा रंगही या पत्र्याला शोभतो. एकच काळजी: पॉलिश पेपर मारताना किंवा सँडब्लास्टिंग करताना चेसिस नंबरच्या जागेवर जाड टेप लावा. नंबर पुसट झाला तर आरटीओला लागणारा पेन्सिलीचा ठसा उमटत नाही, आणि पुसट नंबरवर पंच मारून ‘उठाव’ आणणं हा सरळ गुन्हा ठरू शकतो.

आता ब्रेक. इथे आम्ही थोडं रेंगाळणार आहोत, कारण माणूस मरतो तो इथे.

यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांची हायड्रॉलिक ब्रेक यंत्रणा एकाच फेऱ्याची आहे. म्हणजे एक मास्टर सिलेंडर आणि त्यातून चारी चाकांना एकच दाब. आजच्या गाडीत एक नळी फुटली तर निदान दोन चाकं धरतात. इथे एका चाकाचं वीस रुपयांचं रबरी वॉशर गेलं की पेडल सरळ फळीला टेकतं. तेव्हा ‘तीन चाकांचं काम झालंय, चौथं नंतर’ हा प्रकार इथे नाही.

ड्रम काढा. गाडी जुनी असेल तर ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस धरूनच चाला: काँप्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं फेकून द्या. व्हील सिलेंडरच्या टोकाची रबरी टोपी बोटानं मागे सरकवा. आत कोरडं असेल तर ठीक; ओलसर, चहाच्या रंगाचं तेल दिसलं तर वॉशर गेलंय; आणि तपकिरी चिखल दिसला तर सिलेंडरच गेलाय. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. मग व्हील सिलेंडरमध्ये गंज धरतो, तोही बहुधा बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, तळाच्या बाजूला. पिस्टन काढून बोअर पुसा, उजेडाकडे धरा आणि आतून नख फिरवा. नख न अडकता गेलं तर बारीक होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून नवीन किट टाका. नख अडकलं तर कितीही होनिंग करा, खड्डा राहतोच, आणि नवीन वॉशरची कड त्या खड्ड्यावरून रोज घासून दोन महिन्यांत फाटते. मेकॅनिकला बोल लावण्यात अर्थ नसतो. किट नवीन, सिलेंडर जुना. अशा वेळी सिलेंडर बदला, किंवा मिरजेच्या वा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची अथवा स्टेनलेसची बाही ठोकून मूळ मापाला बोअर करून घ्या. मूळ मापाला, हे दोनदा सांगावं लागतं. बोअर अर्धा मिलिमीटर मोठा झाला की वॉशर धरत नाही.

रबरी होसपाइप वरून चांगला दिसला तरी बदला. तो आतून फुगतो. त्याची खूण अशी: पेडल सोडलं तरी एक चाक धरून राहतं, ड्रम हात लावू देत नाही, आणि अर्ध्या तासानं आपोआप सुटतं. पेडलाचा दाब जोरात येतो म्हणून तेल आत जातं, परत यायला जोर नाही म्हणून अडकतं. लोक ब्रेक शू घासतात, स्प्रिंग बदलतात. दोष असतो त्या वीतभर नळीत. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याच जाडीच्या, ब्रेकसाठीच्या दुपदरी पोलादी नळ्या घ्या आणि टोकाला दुहेरी फ्लेअर करून घ्या, म्हणजे टोक फुलवून दुमडून घ्या. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी वळवायला सोपी म्हणून लावतात. ती थरथरीनं कडक होते आणि फ्लेअरपाशी केसासारखी चिरते.

तेल डॉट-३ किंवा डॉट-४, सीलबंद डब्यातलं. डॉट-५ हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा किंवा डिझेलचा हात लागलेलं भांडंही वापरू नका. खनिज तेलाच्या थेंबानं ही रबरं फुगून पिस्टन जाम करतात. धुवायचं तर ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा (एअर) काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा, बहुधा मागचं डावं. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं हवं. पेडल मारणाऱ्यानं दणादण मारू नये, सावकाश दाबून धरावं. जोंगाएवढ्या गाडीला दीड लिटर तेल हाताशी असू द्या आणि बाटलीत जमलेलं परत ओतू नका.

झालं की पेडल विचारा, ते सांगतं. स्पंजासारखं दबत असेल तर हवा राहिली आहे. दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल तर शू ॲडजस्ट करायचे आहेत. आणि जोरात दाबून मिनिटभर धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतलं वॉशर तेल मागे सोडतंय. तिसऱ्या प्रकारात गाडी अंगणातून बाहेर काढू नका. हवेचे ब्रेक असलेल्या ट्रकना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे हवेच्या टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढणं, आणि इंजिन बंद केल्यावर गेजचा काटा किती लवकर पडतो ते बघणं या पहिल्या दोन गोष्टी.

मग इंजिन. पाच-सात वर्षं गोठ्याशेजारी उभी असलेली गाडी घेतली की बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह होतो, नाहीतर ट्रॅक्टर लावून गिअरमध्ये ओढायचा. दोन्ही करू नका. पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजून चिकटलेल्या असतील तर ट्रॅक्टरच्या जोरापुढे रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे प्लग काढा. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं ओता. दोन दिवस विसरा. तिसऱ्या दिवशी पुढून हँडल लावून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. हललं नाही तर आणखी तेल, आणखी दोन दिवस. दरम्यान चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन प्लग उघडा. आधी पाणी आलं तर ते कुठून आलं याचा शोध सुरू करण्यापूर्वी इंजिन फिरवू नका. वरचं टॅपेट कव्हर काढून सगळे व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते हँडल फिरवताना डोळ्यांनी बघा. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असला की पहिल्याच सेल्फला पुशरॉड वाकतो.

नवीन ऑइल-फिल्टर झाल्यावर प्लग न लावताच सेल्फ मारा, एका वेळी फार तर वीस सेकंद, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, ऑइल गेजचा काटा हलेपर्यंत. मग प्लग. पेट्रोल टाकीतून नव्हे तर वर टांगलेल्या लिटरभराच्या डब्यातून द्या. टाकीत गंज आणि डिंकासारखं जुनं पेट्रोल असतं, ते एकदा कार्ब्युरेटरात शिरलं की जेट साफ करण्यातच आठवडा जातो. टाकी स्वतंत्र उतरवून, आत मूठभर बारीक साखळी घालून हलवून धुवा. वेल्डिंग मात्र नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

सध्याच्या ई-२० पेट्रोलनं जोंगा-जीपवाल्यांना नवं काम दिलं आहे. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणी ओढतं. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा आतून चिरला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर खूश होऊ नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग घेऊन जाणार आहे. पंपाचं इथेनॉल सोसणारं किट आणि त्याच प्रकारचा पाइप टाका, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

शक्तिमानचं डिझेल इंजिन उठवताना वेगळा धोका आहे. बरीच वर्षं पडलेल्या इंजेक्शन पंपाच्या आतला रॅक कधी कधी पूर्ण डिझेलच्या जागी अडकलेला असतो. इंजिन सुरू होतं ते ओरडतच, आणि चावी बंद करून थांबत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टआधी एअर क्लीनर काढा आणि हवेच्या तोंडावर नीट बसेल अशी जाड फळी एका माणसाच्या हातात द्या. हाताचा तळवा किंवा फडकं नव्हे. फडकं आत ओढलं जातं. आवाज चढू लागला की फळी दाबायची, इंजिन गुदमरून थांबतं. हे सोडलं तर डिझेलचं काम सोपं: फीड पंपाचा हँड प्रायमर मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल करून हवा काढायची. तोच क्रम. उलट केलं की दिवसभर पंपच मारत बसाल.

थर्मोस्टॅट काढून टाकणारे मेकॅनिक अजून आहेत. ‘गरम होत नाही’ म्हणतात. खरंय, कधीच नीट गरम होत नाही, आणि थंड इंजिनात पेट्रोल बोअरवरचं ऑइल धुऊन नेतं. गाडी तापत असेल तर रेडिएटरची जाळी आणि ब्लॉकच्या तळाशी बसलेला गाळ बघा. जत-आटपाडीकडच्या बोअरवेलच्या पाण्यानं आत चुना धरतो; तिथल्या लोकांनी कूलंट मिसळताना फिल्टरचं पाणी घ्यावं.

विजेबद्दल थोडक्यात. शक्तिमान चोवीस व्होल्टचा, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. छोट्या गाड्यांत काही बाराच्या, काही चोवीसच्या. पाटी वाचल्याशिवाय बल्बसुद्धा घेऊ नका. चोवीसच्या गाडीत टेप किंवा एलईडी लावताना एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढतात. ती बॅटरी रोज थोडी उपाशी राहते, दुसरी रोज जास्त खाते आणि उकळते. दोन्ही मिळून सहा-आठ महिन्यांत संपतात. चोवीस-बाराचा कन्व्हर्टर लावा. आणि सेल्फ मंद फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी सेल्फ मारत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत व्होल्टमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. पॉलिश पेपर आणि दोन नट एवढ्याच खर्चाचं काम.

हाउसिंग (ॲक्सलमधला गिअरांचा डबा) आणि फोर-व्हीलबद्दल आपल्या भागात विशेष बोललं पाहिजे, कारण कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुरात उंच गाड्यांना पाण्यात घालायची सवय लागली. चालून गरम झालेलं हाउसिंग पाण्यात गेलं की आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. हवा जायची-यायची वाट, म्हणजे ब्रीदर, मातीनं बुजलेला असेल तर हमखास. एरवीही तोच बुजलेला ब्रीदर उलटं काम करतो: गरम हवेला वाट नाही, म्हणून ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, तेही ब्रेकच्या लायनिंगवर. तीन-तीनदा ऑइल सील बदलूनही गळती थांबत नाही अशी तक्रार असेल तर आधी हाउसिंगवरचा तो अंगठ्याएवढा ब्रीदर काढा, रॉकेलमध्ये बुडवा, फुंकून बघा. पाण्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुढचं-मागचं हाउसिंग, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) चारींचे प्लग उघडून बोटानं ऑइल बघा. दुधाळ असेल तर तसंच चालवू नका, बेअरिंगला आठवडाभरात गंजाचे ठिपके पडतात. मात्र ड्रेन प्लग सोडण्याआधी भरण्याचा वरचा प्लग सुटतो का ते बघा. ऑइल सगळं काढून ठेवायचं आणि वरचा प्लग गोल झालेला निघायचा, हा अनुभव कुणालाही नको. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या रिंगा) असतील तर जीएल-४ प्रतीचं नव्वद नंबर गिअर ऑइल. हाउसिंगच्या क्राउन-पिनियनला जीएल-५. प्लगवर बारीक सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो झिजतोय. पोलादाचा कपचा दिसला तर गिअरबॉक्स उघडायची वेळ झाली.

या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नाही. चिखलात, वाळूत फोर-व्हील टाकायचं. खंबाटकीत कोरड्या डांबरावर टाकलं तर पुढची-मागची चाकं वेगवेगळी अंतरं कापतात, ओढाताण शाफ्टमध्ये साठते, लिव्हर निघत नाही आणि शेवटी क्रॉस तुटतो. अडकलंच तर लिव्हरवर उभं राहू नका. गाडी थोडी सरळ रिव्हर्स घ्या, नाहीतर एक चाक जॅकवर उचला, ताण सुटतो. पुढे एक मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर लावणाऱ्यांना फोर-व्हील टाकल्यावर हाच त्रास सतत होतो. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असलेला आणि बाजूला भेगाळलेला टायर हा टायर नव्हे.

आणि रिंग. लॉक रिंगच्या, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी असलेल्या, चाकात हवा भरताना रिंग उडून माणसं दगावतात. त्यात अतिशयोक्ती नाही. चाक गाडीवरून काढण्याआधी व्हॉल्व्हचा कोर काढून सगळी हवा सोडा, तार घालून व्हॉल्व्ह बुजलेला नाही याची खात्री करा. रिंगची खाच ब्रशनं पांढरी होईपर्यंत घासा. खाच खाल्लेली, रिंग वाकलेली किंवा दुसऱ्या रिमची असेल तर भंगारात. हवा भरताना चाक पिंजऱ्यात, पिंजरा नसेल तर जाड साखळीनं तीन जागी बांधून, रिंगची बाजू भिंतीकडे, लांब पाइप आणि माणूस बाजूला. हवा असताना रिंगवर हातोडी मारून ‘बसवणारा’ पंक्चरवाला दिसला तर गाडी तिथून न्या. काही मिलिटरी जीपला दोन तबकड्या बोल्टनं जोडलेली रिम असते. तिचे ते बोल्ट आणि चाकाचे नट वेगळे ओळखता आले पाहिजेत. हवा भरलेली असताना जोडणीचे बोल्ट सोडले तर रिम स्फोटासारखी उघडते.

पेट्रोल परवडत नाही म्हणून जोंगात डिझेल इंजिन बसवायची टूम आहे. आम्हाला ती पटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा अर्थ साधा आहे: कंपनीच्या मूळ नमुन्यापासून फारकत घेणारा बदल चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी इंजिनाचे पाय, क्लच हाउसिंगचा मधला तुकडा, शाफ्टचा कोन, रेडिएटरची जागा हे सगळं डोळ्यानं जुळवलेलं असतं. कोन दोन-तीन अंशांनी चुकला की चाळीसच्या वेगाला घरघर सुरू होते आणि ट्रान्स्फरचं बेअरिंग दर वर्षी जातं. ज्याला ॲव्हरेज हवं त्यानं दुसरी गाडी घ्यावी.

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार अर्धीच खरी. दुकानात जाऊन ‘शक्तिमानचं ऑइल सील द्या’ म्हटलं की नाही म्हणतात. जुनं सील व्हर्नियरनं मोजा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिलिमीटरमध्ये. ६०-८०-१० असं सांगितलं की दुकानदार मागच्या कपाटातून काढून देतो. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तो पुसून वाचा. गाडीचं नाव कुणाला सांगायची गरज नाही. सीलची ओठ जिथे घासते तिथे शाफ्टला खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल. ते दीड-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून कोऱ्या जागेवर आणता येतं. जागा नसेल तर शाफ्टवर बारीक बाही. चेसिसला भेग असेल तर सरळ वेल्डिंग नको. भेगेच्या टोकाला सहा मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, मग पट्टी लावा, आणि शक्य तिथे मूळ रिव्हेटच्या जागी जास्त ताण सोसणारे (हाय-टेन्साइल) बोल्ट वापरा. स्प्रिंगच्या पाट्यांचं काम झालं की शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. हे कुणीच करत नाही, आणि सेंटर बोल्ट त्यामुळेच तुटतो.

काही गावांत स्मारक म्हणून जुनी गाडी चौथऱ्यावर ठेवतात. तिथे गाडी टायरवर उभी करू नका, वर्षभरात टायर बसतात आणि गाडी कलते. दोन्ही ॲक्सलखाली सिमेंटचे ठोकळे द्या. पेट्रोल-डिझेल पूर्ण काढा, बॅटरी काढा, सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर आत घर करतात. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचे नळ उघडे ठेवा. पावसाळ्यापूर्वी हौद्याच्या फळ्या उचलून खालच्या चेसिसवर साठलेला पालापाचोळा काढायला एक माणूस आणि एक सकाळ पुरते.

आपले,
मिरज आणि कराड येथील तीन वाचक